बिनभाताचा आठवडा

डॉक्टरांनी महिपतला स्पष्ट सांगितलं, भात बंद. आता रत्नागिरीच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा! दोन भाकऱ्या खाल्ल्या, पातेलंभर आमटी प्यायली, तरी वर दोन घास भात गेला नाही तर आमचा माणूस जेवलो म्हणत नाही. महिपत तर त्यातलाही अट्टल.

पण वेळच तशी आली होती. पावसाच्या सुरुवातीला परसातल्या चिऱ्याला ठेच लागून पायाचा अंगठा फुटला. एरवी हळद दाबली की भरून येणारी जखम, पण गणपती येऊन गेले तरी ओलीच. तपासलं तर साखर नको तेवढी चढलेली. "ही खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले, "आणि नुसत्या अंगठ्यावर भागलं तर नशीब समजा."

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात मुलगा आणि सून वेदिका. मुलगा आपला कामात. सगळं अंगावर घेतलं ते वेदिकाने. बँकेतली नोकरी सांभाळून ती दर रविवारी आठवड्याच्या जेवणाचा तक्ता करायची, भाज्या चिरून डबे भरायची आणि तक्ता फ्रिजवर चिकटवायची. लो-कार्ब म्हणे. सोमवारी पनीर, मंगळवारी अंडी, बुधवारी फ्लॉवरचा भात.

"फ्लॉवर किसायचा नि त्याला भात म्हणायचं?" महिपत कडाडला. "भातालासुद्धा लाज वाटेल गो!"

कुरकुर केली, पण तक्त्याबाहेर गेला नाही. निदान त्याला स्वतःला तसं वाटत होतं. पुढच्या तपासणीत साखर आणखी वर. वेदिका चक्रावली. एक दिवस अर्ध्या रजेवर घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात उकड्या तांदळाचा वास भरलेला, आणि सासरे वाडगा तोंडाला लावून बसलेले. ती ऑफिसात गेली की रोज हा माणूस स्वतःपुरती पेज करून प्यायचा, लोणच्याच्या फोडीसह!

"पेज कुठे भातात धरतात?" महिपत म्हणाला. आणि खरं सांगायचं तर ते त्याला मनापासून पटलेलं होतं. आजाऱ्याला देतात ती वस्तू, तिने आजार कसा वाढेल?

वेदिका ओरडली नाही. ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. "बाबा, मी तुमचा पाय वाचवायला बघत्येय, नि तुम्ही मी गेल्यावर हे करता?"

महिपतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाडगा त्याने मोरीत ओतला. पण तोंड थोडंच गप्प बसतंय? "अगं, पण भाताशिवाय माणूस जगतो तरी कसा? आपल्याकडे कोण जगलंय असं?"

बोलता बोलताच तो थांबला. जगलं होतं की एक माणूस. वैनी!

कमलावैनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. नाटे बंदराच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. ती लग्न होऊन आली तेव्हा महिपत चौथीत. परकर सोडून नुकतीच लुगडं नेसायला लागलेली ती पोर, नाक पुसता न येणाऱ्या दिराला "अवो भावोजी, आंघोळीला चला" म्हणायची, आणि त्याला भारी ऐट वाटायची.

त्या घरातल्या रात्रीच्या पंगती महिपतच्या डोळ्यांपुढे जशाच्या तशा उभ्या राहिल्या. कंदिलाचा उजेड, ओटीवर पावसाच्या पागोळ्यांचं गळणं, आणि चुलीवरून उतरलेल्या तोपाचं झाकण काढलं की सगळ्या घरात सुटणारा लाल तांदळाचा वास. काय वास होता तो! आता बाजारात हजार रुपये मोजले तरी मिळायचा नाही. आधी आजा, मग बाप्ये, मग पोरं, मग सासू. महिपत तीन-तीनदा मागायचा, "वैनी, भात!" आणि वैनी वाढायची. सगळ्यांचं झालं की ती चुलीपाशी बसायची आणि थाळीत काय घ्यायची? भाजी, शेवग्याचा पाला, निखाऱ्यावर भाजलेला बांगडा, नाहीतर खोबरं घातलेली सुकट. भात नाही. "मला भाताचा वाससुद्धा नको," म्हणायची. सगळे तिला चिडवायचे, घाटावरची म्हणायचे. सासू तर शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमची सून भाताला शिवत नाही हो!"

आणि ती वैनी पंचाहत्तरी उलटली तरी ताठ. महिपतला एकदम उमेद आली. "वेदिका, तुझा तक्ता फाड. मी गावी वैनीलाच विचारून येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो लंगडत गावी पोचला. वैनीचा मुलगा मुंबईला, घरात ती एकटी. तिने त्याचा बांधलेला पाय बघितला, "बाय माझे!" म्हणून कपाळाला हात लावला आणि आधी पाट सरकवून त्याला बसवलं.

महिपतने सगळं सांगितलं. अंगठ्याचं, साखरेचं, पेजेचंसुद्धा. "तेव्हा वैनी, तू आयुष्यभर भाताशिवाय काय काय जेवलीस ते मला सांग. आठवडाभराचं."

"आठवड्याचं काय घेऊन बसलात? मी अख्ख्या पावसाळ्याचं आधी ठरवायचे," वैनी म्हणाली. "आगोट कोण भरायचं या घरात?"

खरंच की! पाऊस लागायच्या आधी सुकट, सोलं, कुळीथ, खारवलेला फणस, सगळं मडक्यांत भरून ठेवायची ती. कुठल्या दिवशी काय काढायचं ते तिच्या डोक्यात असायचं. महिपतने वेदिकाला फोन लावून स्पीकर चालू केला. वैनीने फोनकडे तोंड करून, खेड्यातली माणसं बोलतात तसं ओरडून सांगायला सुरुवात केली. सोमवारी केळफूल, ते आदल्या रात्री चिरून ताकात टाकायचं. कधी पडवळाची भाजी सुकट घालून. बांगडा मिळेल त्या दिवशी तिरफळं घालून, आणि आमटी दाट करायला तांदूळ वाटायचा नाही, खोबरंच जास्त. शेवग्याचा पाला, अंड्यांचा रस्सा, वर वाटीभर सोलकढी.

"काकी, हे तर भन्नाट आहे!" पलीकडून वेदिका म्हणाली. "मी उगाच पनीरच्या मागे लागले होते."

महिपतची छाती फुगली, जसं काही सगळं त्यानेच सांगितलं होतं. अंगठा आता वाचणार असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

दुपारी वैनीने पान वाढलं. अळूचं फदफदं, भाजलेला बांगडा, कढी. पुरेसं होतं, चवीला तर विचारू नका. मग तिने चुलीवरून तोप उतरवला आणि झाकण काढलं. तोच वास! महिपतच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याला वाटलं, मायेपोटी वैनीने आपल्यासाठी घातला असणार, आणि आता हिला नाही कसं म्हणायचं?

पण वैनीने आपलं पान घेतलं. त्यात भाताचा हा एवढा ढीग केला, वर कढी ओतली आणि पाचही बोटांनी कालवून पहिला घास घेतला. डोळे मिटून.

"वैनी... तू भात खातेस?" महिपतने विचारलं.

"मग काय माती खाऊ?"

"पण तुला भात आवडत नाही ना!"

वैनीला असं हसू फुटलं की ठसका लागला. पाणी पिऊन ती म्हणाली, "काय वो भावोजी, एवढे शिकलात नि! तोप केवढा होता आपला? नि जेवणारी तोंडं किती? शेवटी बसणारीला भात न आवडलेलाच बरा, नाही का?"

महिपतच्या हातातला घास हातातच राहिला.

"सासूबायला कळलं असतं तर ती उपाशी राहिली असती," वैनी सहज सांगत होती. "तुमचे दादा गेले, पोरगा मुंबईला गेला, नि एक दिवस मी एकटीपुरता भात घातला. पोटभर जेवले. नि मग रडले हो चुलीपाशी बसून. एवढा गोड लागतो हे विसरलेच होते."

"मी तीन-तीनदा मागायचो," महिपत म्हणाला. "मेल्याने मी कसं विचारलं नाही गो कधी?"

"चौथीतलं पोर काय विचारणार? नि तुम्ही खाल्लात ते मला गोडच लागायचं. जेवा आता." तिने त्याचा चेहरा बघितला, आणि तिला राहवलं नाही. तिने मुठीत भात घेतला आणि त्याच्या पानाकडे हात केला. "घ्या, वायच एक मूठ. एवढ्याने काय होतंय?"

वाफ त्याच्या नाकाशी आली. महिनाभर ज्याच्यासाठी जीव टाकला तो भात, आणि तोही तिच्या हातचा. महिपतने एकदा डोळे मिटले. मग जमिनीला हात टेकून, दुखरा पाय सांभाळत उठला आणि तोपाशी गेला. डाव घेतला, तळाची खरवडसुद्धा सोडली नाही, आणि सगळा भात वैनीच्या पानात वाढला.

"अवो, पुरे! तुम्हाला वायच तरी ठेवा!"

"खा गो तू," महिपत म्हणाला. "मला भात आवडत नाही."