पिंजरा हा शब्द कुणाचा

बायको डॉर्कस गेल्याचं कळलं तेव्हा प्रायमस बोल्स न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर एका जहाजाच्या फटींत डांबर भरत होता. गुलामगिरीविरुद्ध भाषण द्यायला ती वूस्टरला गेली होती, तिथेच तापाने गेली. निरोप घेऊन मिसेस लोथ्रॉप स्वतः आल्या. डॉर्कस मेरीलँडच्या मालकाकडून पळून आलेली होती; तिच्या गुलामगिरीतल्या दिवसांची हकिकत त्याच लिहून घेत होत्या.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. हकिकत आता छापायची होती आणि नवऱ्याची संमती हवी होती. प्रायमसला वाचता येत नव्हतं. बाई वाचताना काहीतरी गाळतील असं त्याला वाटलं, म्हणून त्याने शेजारच्या हेप्सीबाला बोलावलं.

हेप्सीबा वाचत गेली. गुलामगिरीचा सर्प, आसवांचा सागर, स्वातंत्र्याची पहाट.

"ही डॉर्कस?" प्रायमस म्हणाला. "ती पाऊस आला तर पाऊस आला एवढंच म्हणायची."

"वाचकांच्या काळजाला भिडायला हवं, मिस्टर बोल्स."

"'माझी चिमणी मी मागे पिंजऱ्यातच ठेवून आले,'" हेप्सीबाने वाचलं.

प्रायमस उठून उभा राहिला. "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"चिमणी म्हणजे तिचं बालपण," मिसेस लोथ्रॉप म्हणाल्या. "रूपक आहे ते."

"पिंजरा हा शब्द कुणाचा?"

"माझा." बाई अडखळल्या. "ती म्हणाली होती, चिमणीला मीना मावशीकडे ठेवून आले. मावशी म्हणजे धरणीमाता असेल, असं मी धरलं. पण ते नीट बसेना."

"बाईसाहेब, आमच्यात पोराला दोन नावं असतात. एक मालकाने ठेवलेलं, एक आईने. मला आई बेडूक म्हणायची. माझी हकिकत लिहिली असतीत तर मला डबक्यात सोडलं असतंत का?"

हेप्सीबाला हसू फुटलं. लगेच तिने तोंडावर हात धरला.

"म्हणजे… चिमणी ही तिची मुलगी?" बाईंचा चेहरा उतरला.

"तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"देवाशपथ नाही."

त्याला ते पटलं नाही. "पिंजरा वाचून दाखवलात तेव्हा डॉर्कस काय म्हणाली?"

"तिने ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, असू दे, हेच बरंय."

प्रायमस खाली बसला. मुलगी मीना मावशीकडे आहे असं छापून आलं असतं तर मालकाने तिला हुडकून दूर कुठेतरी विकून टाकलं असतं. चिमणीचा संशय कुणाला येणार? मालकापासून लपवलं, ते त्याला समजलं. पण इतकी वर्षं एका ताटात जेवून तिने नवऱ्यापासून का लपवलं? त्याच्यावरही तिचा भरवसा नव्हता का?

"ते वाक्य काढून टाकू का?" बाईंनी विचारलं.

"नको. तिने राहू दिलंय, तुम्हीही राहू द्या. आणि मावशीचं नाव कुठे बोलू नका."

पुस्तक तसंच छापून आलं. सभेत ते वाक्य ऐकून लोक डोळे पुसतात. प्रायमस स्वतःच पळून आलेला गुलाम, तिकडे मेरीलँडला दिसला की पकडला जाईल. त्याच्या वतीने जाणारा दुसरा कोणी अजून मिळालेला नाही. मुलगी मीना मावशीकडेच आहे की विकली गेली, हे तिथे जाऊन विचारायचं राहिलं आहे.