बॉडीची वायर

"काकू, हाई पहा," बॉडीला जोडलेली वायर उचलून छगन मिस्त्री म्हणाला. "हाना क्लॅम्प मोठा शे. बॅटरीना प्लसना खांब जाड ऱ्हास. म्हंजे ह्या ट्रॅक्टरना प्लस बॉडीले."

"मोबाईलवर बी तेच हाये," पुतण्या तेजस म्हणाला. "इतक्या जुन्या मॉडेलले प्लसच बॉडीले ऱ्हाये."

सुमनबाई शेडच्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण तोंडावर आलेला. अशा दिवसांत असोद्यात मिस्त्री मिळणं म्हणजे नवसाचं काम. त्यात छगनला अजून दोन गावं करायची होती. प्लसची लाल, मायनसची काळी, असे वायरींचे रंग बघून काम झटक्यात झालं असतं, पण ती सोय सुमनबाईंनीच ठेवली नव्हती. दर दसऱ्याला त्या बॅटरीच्या दोन्ही खांबांना आणि दोन्ही वायरींना तेलात कालवलेलं कुंकू फासत. एकीला लावायचं आणि दुसरीला कोरडी ठेवायची, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांचे यजमान जीवराम हसायचे. "तू तं लाल-कायं एकच करून टाकलं," म्हणायचे.

जीवराम गेले त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून ट्रॅक्टर शेडमध्येच होता. जुनी बॅटरी पहिल्याच महिन्यात काढून टाकली होती. तरी पहाटे शेडमधून सेल्फचा आवाज यायचा. खर्र, खर्र, आणि मग शांत. सुमनबाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. लेकीला, भूमिकाला सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी गाडी पाठवून आईला उचलून नेलं असतं. भीती म्हणाल तर अजिबात वाटायची नाही. उलट त्या आधीच जाग्या होऊन वाट बघत पडायच्या, आणि आवाज आला की हळूच विचारायच्या, "उठले का?" मग उठून चहाला दोन कपांचं पाणी ठेवायच्या.

आता ट्रॅक्टर चालवायचा म्हणून तेजसनं नवी बॅटरी आणली होती, आणि छगनच्या हातात पाना होता.

छगन चुकत होता. हे ठाऊक असणारा जिवंत माणूस एकच उरला होता, आणि त्या सुमनबाई. केळीच्या हंगामात जीवरामांनी डायनामो काढून नवीन यंत्र बसवलं, तेव्हा पाने हातात द्यायला त्याच होत्या. त्या दिवशी जीवरामांनी वायरींची उलटापालट केली होती.

गप्प बसलं की झालं. चावी फिरली असती, धूर निघाला असता. तेजसचा ट्रॅक्टरचा नाद सुटला असता आणि त्या सीटवर दुसरं कुणी बसलंच नसतं. जीवराम पहाटे यायचे ते येत राहिले असते.

सुमनबाईंनी पदर तोंडाशी धरला. छगननं नट आवळायला घेतला.

पण पहाटे ते आले आणि त्यांना जळकी वायर दिसली तर? बायको समोर उभी होती आणि बोलली नाही, हे त्यांना कळलं तर? कोणत्या तोंडानं विचारायचं मग, उठले का म्हणून?

"थांब रे भाऊ!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "तसं नोको लावू. यायनं डायनामो काढून नवीन बसवलं, तव्हापासून मायनस बॉडीले हाये. मायनसचा खांब बारीक, क्लॅम्प ढिला ऱ्हाये म्हनून तेलाच्या डब्याची पट्टी गुंडायली व्हती. ती पडली असंन कुठी."

छगन वाकला. इंजिनाच्या कडेला हात घालून त्यानं तेलकट मातीचा थर चिंधीनं पुसला, आणि कपाळाला हात लावला.

"आल्टरनेटर शे हाऊ! उलटा जोडता ते जळी जाता, काकू. मी आधी हाईच देखाले पाहिजे व्हतं."

पत्र्याची नवी पट्टी कापली, क्लॅम्प घट्ट बसला. तेजस सीटवर चढला आणि काकूंकडे बघत राहिला. सुमनबाईंनी मान हलवली. खर्र, खर्र. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. शेडभर काळा धूर झाला, आणि त्यातून वाट काढत ट्रॅक्टर अंगणाबाहेर, केळीच्या मळ्याकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नेहमीसारख्या जाग्या झाल्या. मळ्यातला पंप ऐकू आला. जळगावची पहिली बस फाट्यावर हॉर्न वाजवून गेली. शेडकडून काहीच आलं नाही. उजाडेपर्यंत त्या तशाच कान देऊन पडून राहिल्या.

मग उठल्या, चूल पेटवली आणि चहाला एकाच कपाचं पाणी ठेवलं.