कापसाच्या ढिगावरचा लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि मित्रांनो, परवापरवापर्यंत मला स्वतःबद्दलच काही कळत नव्हते. आपली कहाणी सगळे ऐटीत सांगतात. माझी मात्र गोंधळाची आहे, तशीच ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कोणत्या देशात, ते माझ्या पोटाखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. ती चिठ्ठी कधीच झिजून गेली. पहिली सहा वर्षे मी शहरातल्या एका कचेरीत लाकडी टेबलावर काढली. तेथे कोणी माझे कौतुक केले नाही, पण मी एकदाही अडलो नाही. मग नवे लॅपटॉप आले आणि मी फिरत फिरत मोताळ्याला कय्यूमभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात पोहोचलो. तेथून संजीवनीने मला जवळच्याच खेड्यातल्या तिच्या घरी नेले. ती प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचे शिक्षण पूर्ण करून नोकरी शोधत होती.

तिच्या आईने, अन्नपूर्णाबाईंनी, दारातच मला हळदकुंकू लावले. थोडे कुंकू बटणांत सांडले, पण मी रागावलो नाही. इतका मान मला कोणी दिलाच नव्हता!

दिवाळीनंतर शेतातला कापूस घरात आला. चांगला भाव मिळेपर्यंत तो ठेवणार कोठे? खोली छतापर्यंत भरली, खाट आणि टेबल त्याच्याखाली गडप झाले. ओलसर कापूस आतून तापतो, म्हणून अन्नपूर्णाबाई रोज सकाळी ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून पाहत. संजीवनी आता ढिगावरच बसू लागली. मी पडू नये, मला खरचटू नये, म्हणून ती कापसातच खळगा करून मला त्यात ठेवी. काय सांगू, अशी मऊ जागा मी जन्मात पाहिली नव्हती.

आणि त्याच आठवड्यात मी थिजू लागलो.

पडद्यावरचा बाण जागच्या जागी थांबे. संजीवनी बटणे दाबी. मला ते कळे, पण हलता येत नसे. तिने मला बंद करून पुन्हा चालू केले, जुने फोटो पुसले, चार्जर बदलला. अन्नपूर्णाबाईंनी मीठमिरच्या ओवाळून माझी दृष्टही काढली. कशाचाच उपयोग झाला नाही.

अशातच नागपूरच्या एका रुग्णालयाची ऑनलाइन मुलाखत आली. त्यात लॅपटॉपवरच एक चाचणी सोडवायची असल्याने फोन चालणार नव्हता. पहिल्याच प्रश्नाला संजीवनीने तोंड उघडले आणि मी थिजलो. समोरच्या मॅडमना नुसता उघड्या तोंडाचा पुतळा दिसला. संजीवनीने फोन करून विनवले, तेव्हा त्यांनी गुरुवारी पुन्हा संधी दिली. तीच शेवटची, असेही बजावले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

संजीवनी मला कय्यूमभाईंकडे घेऊन गेली. त्यांनी मला काचेच्या टेबलावर दोन तास चालवले. मी एकदाही थिजलो नाही.

"बेटा, याले काहीच नाही झालं. पाह्य ना, कसा पळून राह्यला!"

"चाचा, घरी हँग होते हो! मी काय खोटं बोलून राह्यली?"

मी दुकानात शहाणा आणि घरी वेडा, असे का? कय्यूमभाईंनी मला उघडले तर पंख्याभोवती कापसाचे तंतू. "याच्या पोटात तं गादी भरली!" म्हणत त्यांनी ब्रशने सगळे साफ केले. घरी आल्यावर तंतू जाऊ नयेत म्हणून संजीवनीने खळग्यात ओढणी अंथरली आणि मला वर ठेवले. वीस मिनिटांत मी पुन्हा थिजलो. आता मात्र मला माझीच भीती वाटू लागली.

गुरुवारी मुलाखतीला तासभर असताना मी पुन्हा अडलो. संजीवनीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. अन्नपूर्णाबाई सवयीने ढिगात हात खुपसत होत्या. तो हात माझ्या खाली आला आणि त्यांनी झटकन मागे घेतला.

"संजू, हा तं भाजून राह्यला!"

"कापूस तापला का?"

"कापूस थंडा हाय. हाच तापला. दुलईत गुंडाळून पळाले लावलं, मंग तो थांबन नाही तं काय करन?"

त्या धावत स्वयंपाकघरात गेल्या आणि पोळपाट घेऊन आल्या. ओसरीत पोळपाट, त्यावर मी. त्याच्या तीन पायांमधून वारा आला, आणि माझा पंखा कित्येक दिवसांनी मोकळा फिरला. मुलाखत चाळीस मिनिटे चालली. तेवढा वेळ अन्नपूर्णाबाई कॅमेऱ्याच्या आड बसून मला सुपाने वारा घालत होत्या. मी थिजलो नाही.

मित्रांनो, मऊ जागेने माझा जीव का गुदमरावा, हे मला अजूनही नीट उमगलेले नाही. त्या पोरीने प्रेमानेच मला तेथे ठेवले होते. म्हणून एवढेच मागतो: तुमच्याकडचे कोणी अडून बसले, तर रागावण्याआधी त्याच्या खाली एकदा हात घालून पाहा.

पंधरा दिवसांनी संजीवनी नागपूरला नोकरीवर निघाली. अन्नपूर्णाबाईंनी माझ्या शेजारी पिशवीत पोळपाट ठेवला.

"आई, मंग तू पोळ्या कायच्यावर लाटशीन?"

"पोळ्या तं तुलेच लागतात," पिशवीचा बंद आवळत त्या म्हणाल्या. "मले भाकर पुरे. तिले पोळपाट लागत नाही."