कमरेवरची जागा

मी एक होल्स्टर बोलत आहे. पिस्तूल कमरेला बाळगण्यासाठी चामड्याचे जे जाड म्यान असते, तेच मी. तलवारीच्या म्यानावर वेलबुट्टी काढतात आणि ते दिवाणखान्यात टांगतात. माझ्या वाट्याला मात्र सदऱ्याखालचा अंधार आला आहे. मी कुणालाही दिसू नये, यातच माझे कौशल्य मानले जाते.

माझा जन्म टेक्सासमधील एका लहान कारखान्यात झाला. कारागिराने ओले चामडे साच्यावर दाबून मला आकार दिला आणि दोन कर्तव्ये सोपवली. पिस्तुलाचा चाप पूर्णपणे झाकणे, हे पहिले. आणि धन्याने स्वतः हात घातल्याशिवाय पिस्तूल न सोडणे, हे दुसरे. ही दोन्ही कर्तव्ये मी निष्ठेने पार पाडीन, अशी माझी खात्री होती. धन्याच्या घरी चाली-रीती कोणत्या असतात, याची चौकशी करण्याचे मात्र कुणालाच सुचले नाही.

माझे धनी यशोधन हे मूळचे पुण्याचे आणि आता मस्कतच्या अझैबा भागात राहणारे अभियंते. कंपनी त्यांची ह्यूस्टनला बदली करणार होती. त्याआधी प्रशिक्षणासाठी ते तिकडे गेले असता त्यांचे मावसभाऊ चिन्मय यांनी मला त्यांच्या हाती ठेवले.

"दादा, इथं राहायचं तर हे लागतंच. पिस्तूल तू आल्यावर घेऊ. तोवर म्यानाची सवय कर. मी तर मंदिरातसुद्धा घेऊन जातो."

मस्कतच्या विमानतळावर तपासनिसाने मला बॅगेतून काढले, उलटे धरले आणि दोनदा झटकले.

"पिस्तौल किधर?"

"नहीं है, साहब."

"तो ये किसलिए?"

"आदत के लिए," यशोधन म्हणाले.

तपासनिसाने शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली, दोघेही मनसोक्त हसले, आणि "यल्ला, जाओ" असे म्हणून त्यांनी मला परत केले. रिकाम्या म्यानाचा इतका मोकळा सत्कार दुसऱ्या कुठल्या देशात झाला असता, असे मला वाटत नाही.

या देशात परदेशी माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही, आणि त्याची उणीवही कुणाला भासत नाही. माझे धनी चहाच्या दुकानासमोर गाडी थांबवत, एसी चालू ठेवून किल्ली तशीच सोडत आणि खाली उतरून निवांत गप्पा मारत. घरी आले, की दाराला कडी लावून संरक्षणाचा सराव करत. सरावासाठी त्यांनी लाकडाचे एक पिस्तूल तासले होते. त्याला चापही होता. ते मी पोटात घेतले आणि माझे सेवाजीवन सुरू झाले.

त्यांच्या पत्नी नूतन दंतवैद्य. त्यांची नोकरी आणि व्हिसा स्वतंत्र होता. त्यांनी मला प्रथम पाहिले, तेव्हा तीन वर्षांची वल्लरी त्यांच्या मांडीवर होती.

"हे तिकडे रोज कमरेला असणार?"

"सुरक्षित जागी असणार."

"सुरक्षित जागा कोणती, ते इथेच ठरू दे. पुढच्या महिन्यात आपल्याकडे सत्यनारायण आहे. पूजा होईपर्यंत हे लावून घरात वावर. वल्लरीच्या हाताला एकदाही लागलं नाही, तर मी एक शब्द न बोलता बॅगा भरते."

"आणि लागलं तर?"

"तर तू एकटा जा. मी आणि ती इथेच राहू."

"मान्य. तिला कळणारसुद्धा नाही," यशोधन म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माझी भ्रमंती सुरू झाली. प्रथम मी पाठीच्या कण्यावर विराजमान झालो. यशोधन सोफ्यावर टेकले आणि किंचाळून उठले. घसरून पडल्यास तिथल्या पिस्तुलाने मणका मोडू शकतो, हे त्यांना व्हिडिओतून नंतर समजले. मग मी पोटासमोर आलो. ते जेवायला मांडी घालून बसले, तेव्हा लाकडी नळी थेट त्यांच्या मांडीच्या मुळाशी रोखली गेली. वरणभात कालवताना ते एकदम थबकले आणि पुढचे जेवण त्यांनी उभ्याने केले.

घोट्याला बांधावे, तर उंबऱ्यातच बूट काढायचे. काखेत अडकवावे, तर वरून कोट हवा, आणि ऑगस्टमध्ये घरातच कोट घातलेला पाहून वल्लरीने विचारले, "बाबा, यू हॅव फीवर?"

अखेर उजव्या कुशीवर, किंचित मागे, माझी स्थापना झाली. जाणकारांनाही हीच जागा मान्य आहे. जाड पट्टा, वर सैल सदरा, नळी जमिनीकडे, चाप झाकलेला. मला स्वतःचा अभिमान वाटू लागला. वल्लरीला उचलायचे झाल्यास यशोधन तिला डाव्या कडेवर घेत. डावा हात भरून आला, की सवयीने तिला उजवीकडे सरकवू पाहत, मला आठवत आणि तिला खाली ठेवत. "बाबा, अजून," ती म्हणे. "बाबा दमले," असे ते सांगत. माझ्यासाठी बोललेले हे खोटे मी रोज ऐकत होतो. त्या वेळी मात्र ते मला माझा विजय वाटत होते.

पूजेचा शुक्रवार उजाडला. यशोधन रेशमी सोवळे नेसले आणि आरशासमोर घुटमळले.

"आज तरी काढून ठेव," नूतन म्हणाल्या.

"पूजा होईपर्यंत असं ठरलंय. शेवटच्या दिवशी पळ काढला, असं मला नको."

सोवळ्याला पट्टा अडकवायला बंद नसतात. त्यांनी रेशमावरूनच पट्टा आवळला, मला त्यात खोचले आणि वर उपरणे पांघरले. रेशमावर चामडे ठरत नाही, हे सांगायला मला तोंड नव्हते.

पाहुणे जमले. सोहार शहराहून यशवंतकाका आणि माधवीकाकू आले. यशोधन काकूंच्या पायाशी वाकले, तसा मी दोन बोटे खाली घसरलो. पाटावर बसले, तसा आणखी दोन बोटे. प्रथेप्रमाणे नूतन त्यांच्या उजव्या बाजूला, म्हणजे माझ्याच बाजूला बसल्या. आठवडाभर कार्यालयात अंदाजपत्रके करणारे आणि शुक्रवारी पौरोहित्य करणारे प्रफुल्लगुरुजी म्हणाले, "यजमानांनी पळी घ्यावी. वहिनी, त्यांच्या हाताला हात लावा."

धन्यांचा उजवा हात पळीत गुंतला आणि नूतनचा त्या हातावर टेकला. एवढ्यात वल्लरी आईबाबांच्या मधोमध येऊन बसली. उपरणे बाजूला झाले. मी आडवा झालो होतो, लाकडी पिस्तुलाची मूठ तिच्या नाकासमोर होती. तिने दोन्ही हातांनी ती ओढली. माझी पकड सुटली.

ती उठून आईसमोर उभी राहिली. बोट चापावर होते.

"आई, हॅन्ड्स अप! ठो!"

पळीतले पाणी ताम्हनाबाहेर सांडले. "यजमान, लक्ष इकडे," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी मान वर केली आणि हातातली पोथी खाली ठेवली.

माधवीकाकूंनी अलगद ते काढून घेतले. "कुठून आणलंस गं, सोने?"

"बाबांच्या पोटातून."

"अरे यशोधन, सोवळं नेसून कमरेला हे? देवाचा भरवसा नाही वाटतं तुला?"

सगळे हसले. नूतन हसल्या नाहीत. त्यांचा हात अजून पतीच्या हातावर होता. त्यांनी तो घट्ट धरला आणि पूजा पुरी होऊ दिली.

पाहुणे गेल्यावर यशोधन मला सोडवत म्हणाले, "रेशमावरून पट्टा घसरला. नाही तर..." थोडे थांबून ते म्हणाले, "लाकडाचंच होतं ना."

"हो. म्हणून तर आपण आता बोलतोय," नूतन म्हणाल्या.

वल्लरी हात पसरून आली. यशोधनांनी तिला उचलले, काही वेळाने डावीकडून उजवीकडे घेतले आणि ती जिथे मी असे तिथे ऐसपैस बसली.

"पिस्तूल घेणार नाही," ते म्हणाले. "तिकडेही नाही. मग याल दोघी?"

"अट हरलास तू. एकट्यानं जायचं ठरलं होतं."

"म्हणून तर विचारतोय."

दोन दिवसांनी नूतननी दवाखान्यात राजीनामा दिला.

चिन्मय फोनवर खूप हसले. "दादा, ती काय जन्मभर कडेवर बसणार आहे?" यशोधन म्हणाले, "नाही. पण घरात तर असणार आहे."

आता घरात खोकी भरली जात आहेत आणि मी कपाटाच्या तळाशी, बॅगांच्या बाहेर आहे. लाकडी पिस्तूल यशोधनांनी स्वतः करवतीने कापले. माझ्या कारागिराला मी दोष देत नाही. माझी पकड सुटेपर्यंत चाप झाकलेलाच होता. पण माणसे वाकतात, मांडी घालून बसतात, एकमेकांच्या हाताला हात लावतात आणि मुलांना अंगाखांद्यावर खेळवतात. जिथे यांतले काहीच घडत नाही, अशी कमर मला अजून भेटलेली नाही.

तेव्हा हे कपाट पुढे जो कुणी उघडेल, त्याला माझी एकच विनंती आहे. रिकामे म्यान म्हणून माझी खुशाल थट्टा करावी. पण कृपा करून मला भरू नये.