मुठीची खानावळ

आईचा शेवटचा रविवार इतर रविवारांसारखाच गेला. पोलादपूरच्या मोटारथांब्याजवळ तिची खानावळ होती. डोंगरावरची माणसं घरचे तांदूळ फडक्यात सैल बांधून आणत. आई त्या सगळ्या पोटल्या एकाच हंड्यात उकळत सोडी आणि गाठ पाहून ज्याचा भात त्यालाच वाढी. आमटी तिची. शिजवण्याबद्दल पोटलीमागे एक मूठ तांदूळ वेगळे घेई.

मी महाडला शिक्षिका, रविवारी आईकडे येई. आई शेती बघते, असं शाळेत सांगितलेलं. त्या दिवशी वाईला निघालेल्या आमच्या शाळेतल्या आनंदीबाई मोटार बदलायला उतरल्या आणि माझ्याबरोबर जेवायला बसल्या.

"येसूबाय, ही गाठ माझी नाय," शेजारचा हैबती आईला म्हणाला.

"तुझीच हाय रे. बायकोनं रागानं आवळलीय. दर खेपेला वळखते मी."

सगळे हसले.

"खानावळ हा शब्द आला कुठून हो?" आनंदीबाईंनी विचारलं.

मला सांगायची हौस. शिवण्याचा मोबदला ती शिवणावळ, दळण्याचा ती दळणावळ, तशीच खाणावळ. आधी तो खाण्याचा मोबदला, मग जागेलाच ते नाव पडलं.

"मंग माजी खानावळ मुठीत मावती," आई म्हणाली.

"ह्या तुमच्या कोण?" आनंदीबाईंनी हळूच विचारलं.

"ओळखीच्या आहेत."

आईची पळी थांबली नाही. माझ्या भातावर तूप मात्र जास्त पडलं. निघताना मला म्हणाली, "या हां, बाई."

बुधवारी ती चुलीपुढे बसल्याबसल्या गेली.

तेराव्यानंतरच्या रविवारी मंडळी पोटल्या घेऊन आलीच. मी प्रत्येकाकडून मूठ घेतली, हंडा चढवला. भात झाला, पण गाठी काही ओळखू येईनात.

"सोड गो समद्या," हैबती म्हणाला. "एक दिस दुसऱ्याचा भात खाल्ला तं काय बिघडत नाय."

मी सगळा भात परातीत एकत्र केला. वाढायला वाकले, तोच दारात आनंदीबाई.

"तुमच्या आई गेल्याचं कळलं, तुम्हाला भेटायलाच निघाले होते. त्या ओळखीच्या बाईंना घर विचारावं म्हटलं. कुठे आहेत त्या?"

पळी माझ्या हातात होती. पंगत ऐकत होती.

"ती माझी आई," मी म्हणाले. "ही तिची खानावळ. ह्याच मुठींवर मी शिकले. बसा, पान मांडते."