पात्याच्या जाडीएवढं

चकचकीत. इतके की त्यांत खिडकीची चौकट दिसत होती आणि चौकटीत तिचं स्वतःचं कपाळ – टेबलावर, मखमलीच्या तुकड्यावर, उताणे ठेवलेले दगडी शंखाचे दोन अर्धे. काल संध्याकाळी हेच हातात घेऊन ती सगळ्यांसमोर हसली होती, "छान आहे हं," म्हणाली होती, टाळ्या वाजल्या होत्या... छान! त्या शब्दाची चव सकाळच्या चहानंही जाईना.

कालच ती निवृत्त झाली. बत्तीस वर्षं इस्पितळाच्या क्ष-किरण विभागात – श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा – आणि रविवार मिळाला की गावाबाहेरच्या बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत, छिन्नी, हातोडी आणि जुने टूथब्रश घेऊन. तिथे कधीकाळी समुद्र होता, ज्युरासिक काळातला, आणि त्यातले अ‍ॅमोनाइट, वेटोळी घातलेले शंख, दगड होऊन थराथरात पडले होते. तिनं तीनशेच्या वर गोळा केले. पण तोंड शाबूत असलेला हा एकच. बाकीच्यांची तोंडं फुटलेली. याच्या तोंडाशी मात्र दोन्ही बाजूंना दोन पाळ्या होत्या, कानाच्या पाळीसारख्या, नखाएवढ्या. त्या दगडातून मोकळ्या करायला तिला तीन हिवाळे लागले. सुईनं, कणाकणानं, श्वास धरून.

आणि मुलानं तो करवतीखाली घातला. "पेटी करून घेतो, मापाला दे," म्हणाला – आणि मी, मीच, कापसात गुंडाळून त्याच्या हातात दिला!

"आई, उजेडात बघितलंस का?" मुलगा बूट चढवता चढवता म्हणाला. "आतले कप्पे कसले दिसतात! नाहीतर जन्मभर तुला कळलंच नसतं आत काय आहे ते."

कळलंच नसतं... अकरा वर्षांपूर्वी, एका रिकाम्या दुपारी, डॉक्टरांची परवानगी काढून तिनं हाच शंख यंत्राखाली ठेवला होता, माणसाच्या हाडांना कधी लावली नसती इतकी किरणांची मात्रा लावून. फिल्मवर ते कप्पे उमटले होते, धूसर, आत आत लहान होत गेलेले. कळत होतं, बाबा, सगळं कळत होतं – न कापता! फिल्म त्यालाही दाखवली होती. फोनवरची नजर न काढता तो "भारी" म्हणाला होता.

"आणि त्या पाळ्या?" तिनं विचारलं.

"कुठल्या? हां, ती कड... जरा वेडीवाकडी होती. पॉलिशवाल्यानं फुकटात सरळ करून दिली."

तो बाहेर पडला. सूनबाईनं जाता जाता सुचवलं, हे दोन तुकडे पुस्तकांना दोन्ही बाजूंनी टेकू म्हणून काय शोभतील.

घर रिकामं झाल्यावर तिनं दोन्ही अर्धे एकमेकांना लावून पाहिले. जुळेनात. बाहेरच्या कंगोऱ्यांची रेघ एका बाजूनं यायची आणि दुसरीकडे किंचित चुकायची. पात्याच्या जाडीएवढं मधलं काहीतरी नव्हतंच. ते दगडकाप्याच्या दुकानातून पाण्याबरोबर गटारात गेलं होतं.

गुरुवारी संग्रहालयातल्या बाई तो बघायला येणार होत्या. तिनं फोन लावला.

"कापला? कोणी?"

"मुलानं," ती म्हणाली. "प्रेमानं केलं हो त्यानं."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचंच वाक्य पुन्हा ऐकू आलं. प्रेमानं! त्याच्या वडिलांनीही तिची रात्रपाळी अशीच प्रेमानं बंद करवली होती, तिला न विचारता, थेट साहेबांना भेटून... तेव्हाही ती छानच म्हणाली होती.

संध्याकाळी मुलगा आल्यावर तो खुर्चीत टेकायच्या आत तिनं सांगून टाकलं, "मला ते आवडलं नाही."

"काल तर छान म्हणालीस."

"खोटं बोलले."

तो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "बरं, दुसरा आणू. ऑनलाइन मिळतात, तोंडासकट."

"नको. तू मला विचारायला हवं होतंस."

"सरप्राइज विचारून देतात का, आई?" त्याचा आवाज चढला, लगेच चिरकला, आणि तो खोलीत निघून गेला. दाराआडून सूनबाईचा दबका स्वर येऊ लागला... मग तोही थांबला.

आता उठावं, दार ठोठावावं, 'जाऊ दे रे, मीच जरा' – शब्द तयार होते, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेले. तो जेवेल ना? उद्या बोलेल ना? तिनं खुर्चीच्या हातावर हात टेकवले, उठण्यासाठी म्हणून... आणि तशीच बसून राहिली. रागाची धग अजून कानशिलांत होती; ती विझावी असं तिला वाटत नव्हतं, याचीच तिला थोडी भीती वाटली. आणि त्या भीतीतच, कुठून कोण जाणे, तिला कडकडून भूक लागली.