किल्लीचं माकड

ऊसतोड कामगारांच्या पोरांना दिवाळीत वाटायला शिवाजी पेठेतल्या तालमीत खेळणी गोळा झाली होती. मोडकं काही जाऊ नये म्हणून ती जमवणाऱ्या सोनमनंच नियम काढला होता, प्रत्येक खेळणं आधी खेळून बघायचं. मग काय, कट्ट्यावर भोवरे घुमले, आडदांड पैलवान मोटारींमागं रांगू लागले आणि टेंपोवाला बाहेर तासभर हॉर्न मारत राहिला. शेवटी सोनमचं डोकं फिरलं. तिनं सगळ्यांच्या हातातलं हिसकावून पोत्यात कोंबलं. साठीचे दादासो वस्ताद मात्र किल्लीचं माकड सोडेनात.

"अजून तपासतोय की."

"सातव्यांदा, वस्ताद?"

"आमच्या लहानपणी कुठलं असलं," ते माकडाकडंच बघत म्हणाले.

सोनम टेंपोवाल्याकडं वळून ओरडली, "सोड गाडी. एक पोरगं हितंच हाय."